गोव्यात वंशावळ शोधायची तर पहिला कागद कोणता?

वास्कोत राहणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे आडनाव नाईक आणि कुलदैवत म्हार्दोळची महालसा. आजोबा फोंडा तालुक्यातल्या एका गावातून मुरगाव बंदरात कामाला आले आणि पुढे तिथेच स्थायिक झाले. ‘आपण मूळचे वेर्ण्याचे, बाटाबाटीच्या (धर्मांतराच्या) काळात देवीबरोबर नदीपलीकडे आलो,’ असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. हाताशी आजोबांचे नाव, पणजोबांचे नाव आणि पत्र्याच्या पेटीत सापडलेला एक पोर्तुगीज कागद, एवढेच आहे. एवढ्यावरून वेर्ण्यापर्यंतची, म्हणजे साधारण साडेचारशे वर्षांची वंशावळ कशी तयार करावी, आणि त्यासाठी एखादे संकेतस्थळ आहे का, हे त्यांना हवे आहे.

जुन्या पोर्तुगीज नोंदी वाचून देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे आणि हाच प्रश्न आडनावे बदलून माझ्यापुढे येत असतो. म्हणून उत्तर थोडे सविस्तर देतो.

आपण विचारलेला प्रश्न एक वाटत असला तरी त्यात दोन प्रश्न आहेत. आपले पूर्वज नावानिशी कोण, हा एक. आणि आपले कूळ कुठून आले, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर देवस्थान आणि परंपरा देतात, आणि ते सहसा खरे निघते. 1560 नंतरच्या काही वर्षांत साष्टीतली (वेर्णे याच महालात येते) देवळे पाडली गेली, आणि भाविकांनी मूर्ती जुवारी नदीपलीकडच्या अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात, नेल्या, कारण तो मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता. महालसा वेर्ण्याहून म्हार्दोळला आली, मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, रामनाथ लोटलीहून बांदोड्याला. तेव्हा आपल्या घरातली गोष्ट इतिहासाशी पूर्णपणे जुळणारी आहे. मात्र ती कुळाची गोष्ट आहे. वेर्ण्यातला अमुक नावाचा माणूस आपल्या पणजोबांचा खापरपणजोबा होता, हे तिच्यावरून सिद्ध होत नाही, आणि मधल्या तीनशे वर्षांची नावे तिच्यात नाहीत. ही दोन उत्तरे एकाच कागदावर मांडली की कोणते नाव पुराव्याचे आणि कोणते कल्पनेचे, हे पुढच्या पिढीला कळेनासे होते. म्हणून वेर्णे हे नाव तूर्त वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा आणि शोध स्वतःपासून सुरू करा.

किती मागे जाता येईल, हे परिस्थितीवर अवलंबून असते आणि याबाबत कोणी खात्री देत असेल तर सावध राहावे. तिसवाडी 1510 पासून आणि साष्टी व बार्देश 1543 पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होते, पण फोंडा त्यांच्याकडे आला तो 1763 मध्ये, आणि पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल त्याच्याही नंतर. म्हणजे आपले पूर्वज फोंड्यात राहत असतील तर 1763 पूर्वीची पोर्तुगीज नोंद शोधण्यात अर्थ नाही. शिवाय घराण्याकडे जमीन होती का, ते गावकार (गावाच्या सामायिक जमिनीचे वंशपरंपरागत हक्कदार) होते का, देवस्थानाचे महाजन (कारभारात हक्क असलेले सभासद) होते का, की दुसऱ्याच्या भाटात, म्हणजे बागायतीत, मुंडकार (मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारे) म्हणून राहत होते, यावर कागदांची संख्या ठरते. सर्वसाधारण हिंदू कुटुंबाला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची नावे बऱ्यापैकी भक्कम आधाराने मिळू शकतात, असा माझा अनुभव आहे. त्यामागे जाणे काही घराण्यांना जमते. साडेचारशे वर्षांचे आश्वासन मात्र मी कोणालाही दिलेले नाही.

आता सुरुवात. पणजीच्या पुराभिलेख खात्यात जाण्याआधी घरातले काम संपवावे, आणि त्यात घाई करू नये. वृद्ध नातेवाइकांना ‘आपल्या घराण्याचा इतिहास सांगा’ असे विचारले तर ते वेर्ण्याची गोष्टच पुन्हा सांगतील. त्याऐवजी सुतक कोणाकोणाचे धरत होतो, हे विचारा. कोणाच्या मृत्यूनंतर दहा दिवस पाळले, कोणाचे तीनच दिवस, आणि कोणाकडे फक्त भेटायला गेलो, या आठवणी सहसा चुकत नाहीत, कारण त्या वेळी घरातले सगळे व्यवहार त्यावर ठरलेले असतात. ज्यांचे पूर्ण सुतक होते ते आपले भाऊबंद. म्हणजे कुठेतरी मागे तुमचा-त्यांचा एक पुरुष समान आहे. तसेच चवथीला मूळ घरी कोण कोण जमत होते, गणपतीची पाळी कोणाकोणात फिरत होती आणि ती कधी व कशावरून वेगळी झाली, हेही विचारा. वाटण्या बहुधा एखाद्या मृत्यूनंतर होतात, आणि त्या मृत्यूचा कागद पुढे आपल्याला लागणार असतो.

म्हाळाच्या वेळी उच्चारली जाणारी नावे ही तर आयती वंशावळ आहे. पितृपक्षात वडील, आजोबा, पणजोबा, त्याचप्रमाणे आई, आजी, पणजी आणि आईकडचे आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा यांची नावे गोत्रासह घेतली जातात. अनेक घरांत ही नावे एखाद्या जुन्या वहीत किंवा पंचांगाच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेली सापडतात, आणि घरात नसतील तर पिढीजात पुरोहिताकडे असण्याची शक्यता असते. आपल्या वडिलांनी म्हाळ घातला असेल तर त्यांच्या पणजोबांचे नाव ते घेतच होते. म्हणजे आपल्याला ठाऊक असलेल्या पणजोबांच्या मागचे आणखी एक नाव घरातच कुठेतरी असले पाहिजे. जन्मपत्रिका टाकून देऊ नका. तिच्यातील शके वर्षात 78 मिळवले की इसवी सन येते (वर्षाच्या शेवटच्या काही महिन्यांसाठी 79), आणि पत्रिकेत वडिलांचे, कधी आजोबांचेही नाव असते.

आणखी एक चौकशी आजच्या गोव्यातच शक्य आहे. आपल्या चुलत-मावस भावंडांपैकी कोणी पोर्तुगीज नागरिकत्वासाठी अर्ज केला असेल, तर त्यांनी आजोबांच्या किंवा वडिलांच्या जन्मनोंदीच्या प्रती आधीच काढलेल्या असतात. लिस्बनला पाठवलेल्या फायलीची एक झेरॉक्स बहुतेक घरांत कपाटात पडून असते. ती मागितली तर आपले पुष्कळ हेलपाटे वाचतील.

यानंतर पहिला सरकारी कागद, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा: आजोबांच्या जन्मनोंदीची तेओर प्रत, म्हणजे मूळ नोंदीची शब्दशः नक्कल. गोव्यात सर्व धर्मीयांच्या जन्म, विवाह आणि मृत्यूची नागरी नोंदणी 1914 पासून सुरू झाली. आपले आजोबा त्यानंतर जन्मलेले असतील तर त्यांची नोंद ज्या तालुक्यात जन्म झाला तिथल्या नागरी निबंधकाच्या दप्तरात झालेली असणार. जुनी पुस्तके पणजीच्या पुराभिलेख खात्यात हलवलेली असली तर कार्यालयात तसे सांगतात. इथे एक काळजी घ्यावी. काउंटरवर नुसता जन्मदाखला मागितला तर नाव, तारीख, आईवडील एवढाच छोटा दाखला हातात पडतो. तो शाळेला किंवा पासपोर्टला पुरतो, आपल्या कामाला पुरत नाही. मूळ नोंदीचा शब्दन्‌शब्द उतरवलेली तेओर प्रतच मागावी.

तिचा फरक एका नमुन्यावरून लक्षात येईल. 1920 च्या सुमाराची फोंड्यातली एखादी नोंद घ्या. वर तारीख अक्षरी लिहिलेली असते, आकड्यांत नव्हे. मग जन्माची वेळ, गाव, वाडा. त्यानंतर वडिलांचे नाव, वय, धंदा आणि ते मूळचे कुठले, सध्या राहतात कुठे. आईचेही तसेच. त्याखाली बाळाच्या वडिलांकडच्या आजीआजोबांची आणि आईकडच्या आजीआजोबांची नावे. शेवटी साक्षीदार, आणि वाचता-लिहिता येत नसेल तर त्याप्रमाणे शेरा. डाव्या समासात नंतरच्या काळात केलेल्या बारीक अक्षरातल्या नोंदी असतात: याचा विवाह अमुक साली अमुक स्त्रीशी झाला, नावात अमुक बदल झाला, मृत्यू अमुक तारखेला. म्हणजे एकाच पानावर तीन पिढ्या आहेत, आणि 1920 मध्ये जन्मलेल्या बाळाचे आजोबा 1850 ते 1870 च्या दरम्यान जन्मलेले असणार. आपल्या पणजोबांच्या आईवडिलांची नावे अशा रीतीने एका प्रतीतच हाती येतात. काही नोंदींत आजीआजोबांची जागा कोरी असते हेही खरे. अशा वेळी त्याच आजोबांच्या भावाबहिणींच्या नोंदी काढाव्यात, एकीत नाही ते दुसरीत सापडते.

नोंद सापडत नाही अशी तक्रार मी वारंवार ऐकतो. निम्म्याहून अधिक वेळा ती तिथेच असते, पण शोधणारा चुकीच्या अक्षराखाली पाहत असतो. जुन्या सूची बहुधा आडनावाने लावलेल्या नसून व्यक्तीच्या नावाच्या आद्याक्षराने लावलेल्या असतात, आणि ती नावे पोर्तुगीज कारकुनाने आपल्या कानाने ऐकून लिहिलेली आहेत. केशव हा के खाली नसून क्यू खाली सापडेल. शिवा, शांताराम यांना एक्सखाली पाहावे लागते. यशवंत ई खाली आणि जयराम किंवा जगन्नाथ झेडखाली असू शकतो. आडनावांचेही तेच: नाईक हे नाव शेवटी क्यू-यू-ई जोडून लिहिले जाई, प्रभूचे पोरोबो, कामतचे कामोतिम आणि शेणवीचे सिनाय झालेले दिसेल. शोधायला जाण्यापूर्वी आजोबांच्या नावाची पोर्तुगीज वळणाची तीन-चार रूपे कागदावर मांडून न्यावीत. जन्माचे वर्षही एकच धरून चालू नये. नोंद उशिरा केलेली असणे सामान्य होते आणि शाळेत घातलेली तारीख वेगळी असणे त्याहून सामान्य. दोन वर्षे अलीकडची आणि तीन-चार पलीकडची पुस्तके पाहिल्याशिवाय ‘नोंद नाही’ असा निष्कर्ष काढू नये.

आता आडनावाबद्दल. आपण प्रश्नाची सुरुवात आडनावाने केली आहे, आणि गोव्यात वंशावळीचा सर्वांत कच्चा धागा हाच असतो. नाईक हे एका जातीचे किंवा एका घराण्याचे आडनाव नाही. ते निरनिराळ्या समाजांत आणि जवळजवळ प्रत्येक तालुक्यात आहे. शिवाय माणसे गाव सोडून गेली की नव्या ठिकाणी त्यांना जुन्या गावाच्या नावाने ओळखू लागत, आणि दोन पिढ्यांत बोरीचे नाईक बोरकर आणि शिरोड्याचे नाईक शिरोडकर होऊन जात. एक भाऊ गावात राहिला तो नाईक, दुसरा मुंबईला गेला तो बोरकर, अशी उदाहरणे मी कागदोपत्री पाहिली आहेत. उलट, त्याच वाड्यातले दुसरे नाईक आपले कोणीच नसतात. त्यामुळे ‘नाईक घराण्याचा इतिहास’ अशा नावाची एखादी पुस्तिका किंवा संकेतस्थळावरचे झाड सापडले आणि त्यात आपल्या पणजोबांच्या नावाचा माणूस दिसला, तर लगेच आपली फांदी तिथे जोडू नये.

आडनावाऐवजी माणूस ओळखायचा तो त्याच्या वाड्यावरून आणि त्याच्या पत्नीवरून. याचे कारण आपल्या नामकरणाच्या पद्धतीत आहे. नातवाला आजोबांचे नाव ठेवायचे, त्यामुळे रामाचा विठू, विठूचा रामा, रामाचा पुन्हा विठू असे चक्र चालू राहते. आणि एका विठूला तीन मुलगे असले तर तिघेही आपल्या थोरल्या मुलाचे नाव विठूच ठेवणार. म्हणजे एकाच वाड्यात, जवळजवळ एकाच वयाचे, एकाच आडनावाचे तीन विठू, आणि तिघांच्याही आजोबांचे नाव विठू. अशा ठिकाणी नुसत्या नावांवरून वंशावळ लिहिणारा हमखास चुलत्याला बाप करतो. पत्नीचे नाव आणि तिच्या आईवडिलांची नावे जुळली तरच माणूस तोच, असे मी धरतो. वय आणि धंदा यांची मदत होते, पण वय अंदाजे सांगितलेले असते.

स्त्रियांच्या नावांकडे म्हणूनच जास्त लक्ष द्यावे लागते, आणि तिथे आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे लग्नात मुलीचे पहिले नावही बदलत. त्यामुळे जन्मनोंदीत ती सुंदरी, मुलाच्या जन्मनोंदीत लक्ष्मी, आणि वाटणीच्या कागदात ‘लक्ष्मी ऊर्फ सुंदरी’ अशी दोन्ही नावांनी येते. ज्या कागदात दोन्ही नावे एकत्र मिळतात तो कागद जपून ठेवा. माहेरचे नाव आणि माहेरचा गाव समजल्याखेरीज ती पिढी पूर्ण झाली असे मी मानत नाही. घरातल्या वयस्कर स्त्रियांना हे पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक अचूक ठाऊक असते, असेही सांगून ठेवतो.

ज्या कागदांत अशी माहिती सर्वांत भरपूर असते ते म्हणजे इन्व्हेंतार (मयताचे वारस आणि मालमत्ता यांची न्यायालयातली यादी) आणि इश्क्रितूर (नोटरीपुढे केलेला दस्त). 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा 1870 पासून गोव्यात लागू झाला, आणि त्या कायद्याने मुलगे व मुली दोघांनाही वारस मानले. घरातला कर्ता माणूस वारला आणि वारसांत अज्ञान (अल्पवयीन) मुले असली की न्यायालयात इन्व्हेंतार होणे भाग असे. त्यात मयताचे सगळे वारस, त्यांची वये, विवाहित मुलींचे पती आणि त्यांची गावे, आधीच वारलेल्या मुलाची मुले, हे सारे क्रमवार येते. त्याशिवाय तांब्याचे हंडे, गुरे, माड, शेताचे तुकडे आणि देणी यांचीही यादी. जन्मनोंद एका माणसाची असते, इन्व्हेंतारमध्ये घरच्या घर उभे केलेले असते. नोटरीकडे झालेल्या खरेदी-विक्रीच्या, गहाणाच्या, वाटणीच्या आणि वारसाच्या इश्क्रितुरींतही पक्षकारांचे वडील, पत्नी आणि गाव असतातच. हे शोधायला तालुका, अंदाजे वर्ष आणि मयताचे नाव लागते, म्हणून मृत्यूची नोंद आधी काढावी. मृत्युनोंदीत मयताने मुले मागे ठेवली का, अज्ञान मुले होती का, मालमत्ता होती का याचा उल्लेख बहुधा असतो, आणि त्यावरून इन्व्हेंतार झाले असेल की नाही याचा अंदाज येतो. आपल्याकडे जमिनीचा एक-चौदाचा उतारा असेल तर तोही पाहा, पण तो मुक्तीनंतरच्या मोजणीचा आहे. त्याच्या मागे जायला जुन्या जमीन नोंदणी कार्यालयातली वर्णने लागतात, आणि त्यांत मालकी एकाकडून दुसऱ्याकडे कशी आली हे सांगितलेले असते.

इथवरचे थोडक्यात पुन्हा सांगायचे तर क्रम असा: घरातली तोंडी माहिती, आजोबांची तेओर प्रत, पणजोबांची मृत्युनोंद, आणि तिच्यावरून इन्व्हेंतार किंवा इश्क्रितूर. प्रत्येक पायरीवर ‘हा त्याचा मुलगा’ असे सांगणारा निदान एक कागद हाती असला पाहिजे. वहीत प्रत्येक नावापुढे कार्यालय, पुस्तक, पान आणि नोंद क्रमांक लिहा. जे केवळ ऐकलेले आहे त्यापुढे ते कोणी, केव्हा सांगितले तेही लिहा. हे त्या वेळी कंटाळवाणे वाटते, पण वर्षभराने आपलेच टिपण आपल्याला ओळखता येत नाही.

1914 च्या मागे हिंदू कुटुंबासाठी देवस्थान आणि गावकारी या दोन वाटा आहेत. गोव्यातली देवस्थाने माझानियांच्या, म्हणजे महाजनांच्या संस्थांच्या, कायद्याखाली चालतात. 1886 मध्ये तसे नियम झाले आणि 1933 च्या नियमावलीने ते नव्याने घातले गेले. त्यानुसार प्रत्येक देवस्थानाच्या महाजनांची सूची ठेवली जाते आणि तालुक्याचा मामलेदार देवस्थानांचा प्रशासक म्हणून काम पाहतो. आपले पूर्वज म्हार्दोळच्या देवस्थानाचे महाजन होते की केवळ कुळावी (त्या देवाला कुलदैवत मानणारे), हे आधी समजून घ्यावे, कारण सूचीत नाव महाजनाचे असते. कुळाव्यांसाठी देवस्थानाच्या पावत्या, पावण्या (लिलाव) आणि पुरोहिताच्या वह्या यांवर विसंबावे लागते. महाजन असाल तर सूचीतला जुन्यात जुना पूर्वज आणि त्याचा वांगड, म्हणजे कुळाचा गट, शोधा. दुसरी वाट गावकारीची. पूर्वज एखाद्या कोमुनिदादीचे, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचे, गावकार असतील तर पुरुष वंशजांची नोंद आणि त्यांना मिळणारा जण (उत्पन्नातला वाटा) यांच्या वह्या असतात. कोमुनिदादींच्या प्रशासकांची कार्यालये म्हापसा, पणजी आणि मडगाव इथे आहेत. मात्र आपल्या बाबतीत एक अंदाज आधीच सांगतो: ज्या हिंदू घराण्यांनी सोळाव्या शतकात साष्टी सोडली, त्यांचे वेर्ण्याच्या गावकारीतले स्थान बहुतेक वेळा तिथेच संपले, आणि मागे राहून ख्रिस्ती झालेल्या भाऊबंदांकडे ते राहिले. त्यामुळे वेर्ण्याच्या आजच्या सूचीत नाईक सापडला नाही म्हणून परंपरा खोटी ठरत नाही, आणि तिथल्या एखाद्या ख्रिस्ती घराण्याचा वांगड आपल्याशी जोडण्याइतका पुरावाही त्यातून मिळत नाही.

याच संदर्भात ख्रिस्ती वाचकांसाठी दोन ओळी. त्यांच्यासाठी चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यूच्या वह्या हाच मुख्य आधार आहे. 1563 मध्ये संपलेल्या त्रेंतच्या कॅथॉलिक धर्मपरिषदेने बाप्तिस्मा आणि विवाहांच्या नोंदी ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले, त्यामुळे जुन्या काबिजादीत (तिसवाडी, साष्टी, बार्देश) ख्रिस्ती कुटुंबाला हिंदू कुटुंबापेक्षा कितीतरी मागे जाता येते. धर्मांतराच्या वेळी आडनाव धर्मपित्याकडून किंवा धर्मगुरूकडून मिळत असे, तेव्हा फर्नांडिस किंवा डिसोझा या नावावरून नाते ठरवण्यात वर सांगितलेलाच धोका आहे, किंबहुना अधिकच.

ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांनी कागद नाहीत असे समजून शोध सोडू नये. 1964 चा कुळ कायदा आणि 1975 चा मुंडकार कायदा यांखाली मामलेदारांकडे झालेल्या प्रकरणांत, आपले घराणे त्या जागेवर किती पिढ्या राहत आहे हे सांगणारे जबाब आहेत, आणि भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) इन्व्हेंतारमध्ये त्याच्या भाटातल्या घरांची व राहणाऱ्यांची नावे कधीकधी येतात. प्राथमिक शाळांच्या जनरल रजिस्टरचाही उपयोग होतो.

ज्या नोंदीत वडिलांची जागा कोरी आहे किंवा पिता अज्ञात असे लिहिले आहे, तिथे काय करावे, हेही विचारले जाते. ते आहे तसे लिहावे. गोव्यात अनेक मानी घराण्यांची वंशावळ आईकडून चालत आलेली आहे आणि ती आईकडूनच लिहिणे बरोबर. हयात असलेल्या माणसांना ज्याचा त्रास होईल असा तपशील मात्र वहीत ठेवावा, वाटलेल्या प्रतीत छापू नये. दत्तक आणि दुसरे घर यांबद्दलही मी तेच करतो.

तीर्थक्षेत्रांच्या वह्या हे आपल्या लोकांनी विसरलेले साधन आहे. त्र्यंबकेश्वर, नाशिक, गोकर्ण, काशी, गया या ठिकाणी तीर्थोपाध्यायांकडे यजमानांची नामावळी असते, आणि ती गाव व आडनाव धरून लावलेली असते. यात्रेला आलेला माणूस आपले नाव, वडिलांचे, आजोबांचे, भावांचे आणि मुलांचे नाव सांगून किंवा स्वहस्ते लिहून जात असे. जाताना फोंडा तालुक्यातले मूळ गाव सांगा, वास्को नव्हे, कारण वह्या गावावर लावलेल्या आहेत. गोव्यातून गोकर्णाला जाणे जुन्या काळी सोपे होते, तेव्हा माझा सल्ला तिथून सुरुवात करण्याचा आहे. जुन्या नोंदी मोडीत असतील. फोंड्यातले एकोणिसाव्या शतकापूर्वीचे खाजगी कागदही मोडीत आणि काही गोंयकानडी या गोव्यातल्या जुन्या लिपीत आहेत. मोडी महिन्या-दोन महिन्यांच्या वर्गात वाचण्यापुरती जमते. गोंयकानडीसाठी जाणकार शोधावा लागेल.

पणजीचे पुराभिलेख खाते मी मुद्दाम शेवटी घेतो. 1595 मध्ये सुरू झालेले हे दफ्तर आहे, आणि इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी 1955 मध्ये त्यातल्या संग्रहांची मार्गदर्शिका प्रसिद्ध केल्यापासून अभ्यासकांना वाट सापडू लागली. पण तो राज्यकारभाराचा संग्रह आहे. ‘नाईक घराण्याचे कागद दाखवा’ असे तिथे सांगून उपयोग होत नाही; गाव, वर्ष आणि कागदाचा प्रकार सांगितला तर कर्मचारी पुस्तक काढून देऊ शकतात. म्हणूनच आधीच्या पायऱ्या. पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रे आणि सरकारी राजपत्रे आहेत. नाव किंवा आडनाव बदलल्याच्या जाहिराती, लिलाव, वारसांना दिलेल्या नोटिसा त्यांत सापडतात, परंतु वर्ष ठाऊक असल्याखेरीज ते चाळणे म्हणजे दिवस घालवणे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आले आहे. नाव टाकल्याबरोबर गोव्यातल्या हिंदू घराण्याची वंशावळ देईल असे संकेतस्थळ नाही. झाड काढायला आणि नातेवाइकांना दाखवायला फॅमिलीसर्चसारखी मोफत सोय चांगली आहे. दुसऱ्यांनी चढवलेल्या झाडांवर मात्र आधार दिलेला नसेल तर विश्वास ठेवू नये. पैसे घेऊन साडेचारशे वर्षांची छापील वंशावळ देणाऱ्यांकडे प्रत्येक पिढीचा पुस्तक आणि पान क्रमांक मागा, म्हणजे व्यवहार लवकर आटोपतो.

राहिला पेटीतला कागद. तो घडीवर फाटत असेल तर चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका; सपाट ठेवून दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागच्या बाजूला शिक्का किंवा तिकिटे असली तर त्यांचाही. पूर्ण वाचता आला नाही तरी हरकत नाही. वरच्या दोन ओळींत साधारणपणे कार्यालय, तालुका आणि वर्ष असते, शेवटच्या ओळींत सही करणाऱ्याचा हुद्दा. तो हुद्दा नोटरीचा असेल तर आपल्या हातात इश्क्रितुरीची प्रत आहे आणि मूळ पुस्तक शोधता येईल. न्यायालयाच्या कारकुनाचा असेल तर इन्व्हेंतारमधला उतारा असण्याची शक्यता जास्त, आणि मग आपला शोध तेओर प्रतीऐवजी त्या इन्व्हेंतारपासूनच सुरू करणे शहाणपणाचे ठरेल. या दोन जागांवरचा मजकूर, आजोबांचा अंदाजे जन्मकाळ आणि फोंड्यातल्या मूळ गावाचे व वाड्याचे नाव कळवल्यास पहिला अर्ज कोणत्या कार्यालयात करायचा हे नेमके सांगता येईल.